सोड म्हणेपर्यंत

१

आमच्या घरातली कुठलीही गाडी ब्रेक पॅड बदलायला गॅरेजमध्ये गेलेली नाही. मी याची शेखी मिरवतो, असं सुमेधा, म्हणजे माझी बायको, म्हणते. मिरवतो, मग? इंदूरच्या सांवेर रोडला पॅकिंगच्या मशिनी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. दिवसभर लोकांच्या मशिनी उघडायच्या आणि स्वतःच्या गाडीसाठी कुणा गॅरेजवाल्या भियापुढे हात जोडून उभं राहायचं, हे आपल्याला जमत नाही.

माझे वडील, नानासाहेब, तेही असेच. आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते, घोड्यांना नाल ठोकायचे. नाना म्हणायचे, घोडे गेले, मोटारी आल्या, पण आपलं पायाशी बसायचं काम काही सुटलं नाही. लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये त्यांनी आधी फियाट उघडली, मग माझी मारुती. जाताना हत्यारांची पेटी मला देऊन गेले, आणि त्यांचे कायदे.

त्यातला एक कायदा सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ब्रेकचं जुनं ऑइल काढायचं असलं की दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी बसतो. खालचा म्हणतो, "दाब." वरचा दाबून धरतो. मग खालचा चाकाजवळचा छोटा निपल, म्हणजे तेल काढायची तोटी, पान्यानं उघडतो, काळं तेल नळीतून बाटलीत येतं. निपल परत बंद केला की तो म्हणतो, "सोड." तेव्हाच वरच्यानं पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला गेला तर तेलाच्या लाइनीत हवा शिरते, आणि हवा शिरली की ब्रेक गेलाच समजा. म्हणून नानांचा कायदा असा, की खालचा सोड म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. घराला आग लागली तरी नाही.

लहानपणी पेडलवर मी असायचो. पायात गोळे यायचे. नाना मुद्दाम उशीर लावतात असं वाटायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण पाय उचलायची काय बिशाद! मात्र काम झालं की पहिला चहा दाबणाऱ्याला, मग खालच्याला. तोही कायदाच.

आता पेडलवर माझी मुलगी बसते, इरावती. सिमरोलला इंजिनिअरिंगच्या मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगशाळेत नोकरी करते. रोज एकटी गाडी चालवत जाते आणि येते. तिकडे जाणारा खंडवा रोड म्हणजे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, उलट्या बाजूनं येणारे बाइकवाले, सगळाच आनंद आहे. ती घरी येऊन चावी खिळ्याला अडकवेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. आपल्या हातात काय, तर तिचे ब्रेक. ते तेवढे मी नीट ठेवतो.

२

पावसाळा नुकताच संपला होता. रविवारची सकाळ. इरावती म्हणाली, "बाबा, ब्रेक मारला की किर्र आवाज येतोय. मतलब, सिग्नलला लोक वळून बघतात इतका."

चाक काढून बघतो तर पॅड पार घासून गेलेले, मागची पट्टी डिस्कला टेकायला आलेली. नवे पॅड मी आधीच आणून ठेवले होते. पुढची दोन्ही चाकं उतरवली, पॅड धरून ठेवणारे कॅलिपर मोकळे केले, पिस्टन दाबून मागे ढकलले, पॅड बसवले, पिनांना सियागंज बाजारातलं चांगलं ग्रीस लावलं. सगळं नेहमीसारखं. ब्रेक ऑइलही काळं पडलं होतं. म्हटलं, लगे हाथ तेही काढून टाकू.

इरावती पेडलवर बसली. उजवं चाक आटपलं, मी डावीकडे आलो. डाव्या चाकाशी खाली बसलं की गाडीत कोण आहे ते दिसत नाही, मधे गाडीच असते. आवाजावर काम चालतं.

"दाब."

पेडलची स्प्रिंग कुरकुरली. निपल उघडला, तेल आलं, बंद केला.

"सोड."

पेडल टक करून वर आलं.

"बाबा, पाय आखडला ना यार. किती वेळ धरायचं?"

"नानांच्या हाताखाली असतीस म्हणजे कळलं असतं."

बाटली भरली होती. ती मागे नळापाशी ओतून आलो, परत बसलो, नळी लावली.

"दाब."

या वेळी पेडल सावकाश खाली गेलं. एकसारखं, कुठेही न अडखळता. मला बरं वाटलं. म्हटलं, शिकली पोरगी. "शाबास. असं दाबायचं. आता धरून ठेव."

निपल उघडला. नवं, स्वच्छ तेल यायला लागलं. एवढ्यात घराचं जाळीचं दार वाजलं आणि इरावती ट्रेमध्ये दोन कप चहा घेऊन बाहेर आली.

"आई म्हणतेय गार होतोय, आधी घ्या."

माझ्या हातात पाना तसाच. नळीतून तेल येतच होतं.

"तू कधी उतरलीस?"

"तुम्ही बाटली ओतायला गेलात तेव्हाच. सांगून गेले की. हो म्हणालात."

मी निपल आवळला. उठलो, गाडीत बघितलं. ड्रायव्हरची सीट रिकामी होती, दार उघडं होतं. पेडलकडे मात्र मी बघितलं नाही. का नाही बघितलं ते मला सांगता येणार नाही, पण नाही बघितलं.

चहा घेता घेता मी मनाशी सगळा हिशोब लावला. तेल वरच्या डबीत असतं, निपल खाली असतो. निपल उघडला की तेल आपोआपही उतरतं, त्याला कुणी दाबावं लागत नाही. आणि स्प्रिंगचा आवाज? ऊन चढलं की लोखंड कुरकुरतंच. झालं, मिटलं. इरावतीनं पहिला कप उचलला. दाबणाऱ्याचा मान तिचा होता.

चाकं चढवली, कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारली. ब्रेक एकदम कडक लागत होते. "सोड" तेवढं म्हणायचं राहिलं होतं. पण म्हणणार कुणाला? गाडीत होतं कोण?

३

शेजारी यशवर्धन राहतात. बँकेतून रिटायर झाल्यापासून सगळ्या कॉलनीवर त्यांची नजर असते. दोनच दिवसांनी त्यांनी गेटवरूनच हाक मारली.

"शामभिया, गाडीचे ब्रेक लाइट चालू राहिले आहेत. बॅटरी बसेल ना."

गाडी बंद होती, लॉक होती, चावी आत खिळ्याला. आणि मागचे दोन्ही लाल दिवे चालू. पेडल दाबलं की लाइट लावणारा एक छोटा स्विच पेडलच्या वर असतो, तो अडकतो कधीकधी. स्विच बदलला. दुसऱ्या दिवशी दिवे पुन्हा चालू. बॅटरी बसली ती बसलीच.

"अहो, गाडी बंद असताना ब्रेक कोण मारतं?" सुमेधानं विचारलं. ती मूळची पुण्याची. आमच्या इंदुरी मराठीला हसता हसता तिचं निम्मं आयुष्य गेलं, आणि मशिनींचं तिला काही कळत नाही. पण प्रश्न कसला बरोबर विचारला!

"स्विच खराब आहे," मी म्हणालो.

"काल बदललात ना?"

"तोही खराब निघाला. आजकाल माल कुठे धड मिळतो?"

नवी बॅटरी टाकली. त्यानंतर इरावती रोज काहीतरी सांगायला लागली. गाडी जड चालतेय. पेट्रोल जास्त खातेय. न्यूट्रल केली की लगेच थांबते, घरंगळत नाही.

"आणि पेडल ना बाबा, बोटभर खालीच असतं," ती जेवताना म्हणाली. "जैसे कोई पहले से पाय ठेवून बसलंय. मी पाय ठेवते तेव्हा त्याच्यावर ठेवल्यासारखं वाटतं."

"कशावर?"

"काय माहीत. जाऊ दे. भाजी वाढ आई."

मी ताटावरून उठलो. मला भूक नव्हती.

४

दिवाळी झाली नाही तोच पुन्हा किर्र आवाज. चाक काढलं. नवेकोरे पॅड संपले होते. डिस्क निळी पडली होती, ती फार तापली की पडते. ब्रेक सतत थोडा लागलेला राहिला तर असं होतं. त्याची कारणं मला पाठ आहेत आणि मी एकेक करून सगळी बघितली. पिना मोकळ्या होत्या. पिस्टन बोटानं मागे सरकत होता. पाइप फुगलेला नव्हता. सगळं ठीक होतं हो! हातात आलेली वस्तू ठीक आहे आणि काम बिघडलंय, याच्यासारखा वैताग नाही. मी पाना आपटला. सुमेधा आतून म्हणाली, "फरशी फोडू नका."

पॅड परत नवे टाकले. मग गाडीच्या दारापाशी गुडघ्यांवर बसून मी आत वाकलो आणि पेडल बघितलं. इतके दिवस जे टाळलं होतं ते केलं.

पेडल बोटभर खाली होतं. मी खालून तळहात लावला आणि ते वर ढकललं. येईना. स्प्रिंग तुटली असती तर ते ढिलं हललं असतं. गंजून अडकलं असतं तर मुळीच हललं नसतं. हे थोडं वर आलं आणि मग परत हलकेच खाली गेलं, माझ्या हातासकट. मी पुन्हा ढकललं, ते पुन्हा खाली आलं. रागानं नाही. कुणी सांगितलेलं काम मुकाट्यानं करत असावं, तसं. आणि वरचा रबर कोमट होता. गाडी सकाळपासून सावलीत उभी होती.

मी हात काढून घेतला.

आता कुणी म्हणेल, नाना असतील. मलाही आधी तेच वाटलं, आणि खरं सांगतो, तसं असतं तर मी घाबरलो नसतो. पण नाना जन्मात कधी पेडलवर बसले नाहीत. ते खालचे. हुकूम सोडायचे. हे जे कोण होतं ते हुकूम ऐकणारं होतं. मी दाब म्हणालो, त्यानं दाबलं. धरून ठेव म्हणालो, त्यानं धरलं. सोड मी म्हणालोच नव्हतो.

एक शब्द म्हणायचा होता. तोंड उघडलंही. पण कुंपणापलीकडे यशवर्धन झाडांना पाणी घालत उभे होते. "काय शामभिया, कुणाशी बोलताय?" रिकाम्या गाडीत डोकं घालून मी कुणाला सोड म्हणणार होतो? एवढ्या मशिनी समजणारा माणूस मी! लाज वाटली. उठलो, हात धुतले आणि इरावतीला बजावलं, "उद्यापासून बसनं जा. गाडीचा मास्टर सिलेंडर बघायचाय मला."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात पाकिटं सील करायचं एक मशीन उघडून बसलो होतो. इरावतीचा फोन आला.

"बाबा, गाडीत जळका वास येतोय. पुढच्या चाकातून धूर निघतोय वाटतं."

"तू गाडी नेलीस? मी काय सांगितलं होतं?"

"उपकरण न्यायचं होतं, काचेचं. बसमध्ये कसं नेणार? आईनं चावी दिली."

"कुठे आहेस?"

"सिमरोलच्या अलीकडे, चढावर. मागे ट्रक आहे, सारखा हॉर्न मारतोय."

तिचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असतो. म्हणजे मी कारखान्यात बोलत होतो आणि माझा आवाज सगळ्या गाडीत घुमत होता. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी माझ्या पोरीशी बोलत होतो.

"घाबरू नको. कडेला कच्च्यात घे. घेतलीस? आता हळूच ब्रेक दाब."

टायर किंचाळले. काचेचं काहीतरी फुटलं. मग एंजिन बंद पडल्याचा आवाज.

"एवढ्या जोरात दाबतात का?"

"मी नाही दाबलं." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाबा, माझा पाय अजून तिथे पोचलाच नव्हता."

"पेडल बघ."

"पार खाली गेलंय. त्याच्यावर कुणाचाच पाय नाहीये."

मी उभा राहिलो. हातातलं काय पडलं कुणास ठाऊक. मला एवढंच दिसत होतं की माझी मुलगी त्या गाडीत त्याच्याबरोबर बसली आहे, आणि ती तिथे असता कामा नये.

"उतर!" मी ओरडलो. "आधी गाडीतून उतर!"

दार उघडल्याचा आवाज आला. दार उघडं राहिलं की आमच्या गाडीत टुंग टुंग वाजतं, ते वाजलं. दार लागलं. खडीवर पावलं वाजली. एक पाऊल नीट, दुसरं फरपटत. माझ्या मनात आलं, मुरगळला वाटतं पाय. असू दे, उतरली हे काय कमी आहे?

"उतरलीस ना? शहाणी माझी. आता रस्त्यापासून लांब जाऊन उभी राहा."

पावलं लांब गेली. आणि मग फोनच्या अगदी जवळून इरावती बोलली.

"बाबा, मी अजून बसलेली आहे. माझा बेल्ट निघत नाहीये."

"मग दार कुणी उघडलं?"

"माझंच दार उघडलं. माझ्यातूनच कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं." ती रडायला लागली. "बाबा, गाडी मागे सरकतेय."

"ब्रेक मार!"

"मारतेय! पेडल नुसतं खाली जातंय. काहीच लागत नाहीये."

"हँडब्रेक ओढ!"

"ओढला. ढिला आहे तो. बाबा, मागे ट्रक आहे. बाबा!"

माणूस अशा वेळी काय करतो? मी काही विचार केला नाही. मी ओरडलो, "दाब! दाब रे! धरून ठेव!" आख्खा कारखाना थांबून माझ्याकडे बघत होता. मी कुणाला अरे म्हणत होतो हे फक्त मला माहीत होतं.



"थांबली," इरावती म्हणाली. "बाबा, थांबली."

६

मी टोइंगवाल्याला घेऊन पोचलो तेव्हा ती बाभळीखाली बसली होती. मला बघून उठली नाही, नुसता हात पुढे केला. तिला मी लहानपणी घ्यायचो तशी जवळ घेतली. भर रस्त्यात, तीस वर्षांच्या मुलीला. बघणारे बघेनात का.

गाडी चढावर आडवी-तिडवी उभी होती. तिच्या मागे ट्रक, मधे वीतभर जागा. ट्रकवाला सारखा स्वतःच्या छातीला हात लावत होता. टोइंगवाल्यानं खाली वाकून बघितलं, गाडीत शिरून बघितलं, आणि डोकं खाजवत बाहेर आला.

"भिया, ऑइल तो उबल गया है, पेडल में जान नहीं. और हँडब्रेक की केबल टूटी पड़ी है. गियर भी न्यूट्रल में है. ये गाडी रुकी किसपे?"

मी टायरमागे मोठा धोंडा लावला आणि मगच दीर्घ श्वास घेतला.

घरी येताना रिक्षात इरावतीनं सांगितलं. "आरशात दिसलं मला. पाठमोरं होतं. उतारावरून ट्रकच्या बाजूनं खाली चाललं होतं. उजवा पाय ओढत. पायात गोळा आला की मी चालते ना, तसं."

"कसं होतं दिसायला?"

"नाही सांगता येत. तुम्ही फोनवर दाब म्हणालात, तेव्हा ते जागच्या जागी थांबलं आणि त्यानं उजवा पाय जमिनीवर रोवला. आणि गाडी थांबली." ती बाहेर बघत म्हणाली, "आईला नका सांगू."

७

आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी गॅरेजला दिली. कॅलिपर, पाइप, ऑइल, केबल, सगळं नवं. आता मागचे दिवे वेळीअवेळी लागत नाहीत. पेडल वर असतं. पॅड अजून कोरे वाटावेत असे आहेत. गाडीत काही नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

त्यानंतर एक दिवस मला सुट्टी होती. इरावती नेहमीसारखी सिमरोलला गेलेली. मी आत पेपर वाचत पडलो होतो. सुमेधा पोर्चमधले वाळलेले कपडे काढून आली आणि सहज म्हणाली, "अहो, बाहेर खुर्चीवर कोण बसलंय? तुमच्या कारखान्यातलं आहे का कुणी? बोलत काहीच नाही. पायात गोळा आलाय वाटतं बिचाऱ्याच्या, सारखा फरशीवर दाबून धरलाय. चहा ठेवू का?"

मी जाळीच्या दारापर्यंत गेलो. दार उघडलं नाही. खुर्ची खांबाच्या आड येते, तिथून सगळं दिसत नाही, आणि मी मान वाकडी करून बघायला गेलो नाही. गुडघ्याखालचा एक पाय दिसत होता. उजवा. पुढचा चवडा फरशीवर रोवलेला, टाच किंचित उचललेली, पेडलवर असते तशी. पोटरी थरथरत होती. किती वेळची थरथरत होती कोण जाणे.

त्याला काय हवं होतं ते मला कळलं. त्या पायाचं दुखणं या घरात माझ्याइतकं कुणाला कळणार? बालपण गेलंय माझं त्यात. मला त्याची दया आली, अगदी आतून आली. एक शब्द होता माझा. मी जाळीला तोंड लावलं.

आणि मग भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे माझं लक्ष गेलं. चावी तिथे नव्हती. इरावती रस्त्यावर होती.

हा पाय काय धरून बसलाय? गाडी तर दुरुस्त झाली. मग कशावर एवढा जोर लावलाय यानं, की पोटरी थरथरतेय? निपल मी त्या दिवशी आवळला होता, हे नक्की. नंतर चढावर मात्र मी काही बंद केलं नव्हतं. दाब म्हणालो, धरून ठेव म्हणालो, आणि पोरीला घेऊन घरी आलो. खालचं काम झाल्याशिवाय सोड म्हणायचं नसतं. ते झालंय की नाही, मला माहीत नाही.

मी तोंड मिटलं.

"ठेव चहा," सुमेधाला म्हणालो. "पहिला कप त्याला दे."

८

तेव्हापासून ते तिथेच असतं. यशवर्धन एकदा म्हणाले, तुमच्याकडे पाहुणे आलेत वाटतं. मी हो म्हणालो. सुमेधा आता काही विचारत नाही. ती कप ठेवते, रिकामा कप घेऊन येते. एकदा तिनं बागेला पाणी सोडू का म्हणून नुसतं विचारलं, तर मी असा काही ओरडलो की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तो शब्द आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही. पाणी लावतो म्हणतो, विषय जाऊ दे म्हणतो. होते सवय.

सकाळी इरावती निघते तेव्हा त्या खुर्चीपाशी थबकते. ती मान वळवून नीट बघते, माझ्यासारखी भेकड नाही ती. एकदा मला म्हणाली, "बाबा, किती वेळ धरायला लावणार आहात? मला माहितीये कसं दुखतं ते. म्हणून टाका ना."

"तू घरी ये," मी म्हणालो. "तू सुखरूप घरी आलीस की म्हणतो."

ती गेली. मी फाटकाशी उभा राहिलो. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो भसकन आडवा आला, आणि माझ्या पाठीमागे फरशीवर करकर असा आवाज झाला, चवड्यानं आणखी जोर दिल्यासारखा. गाडी जागच्या जागी थांबली. इरावतीनं खिडकीतून हात बाहेर काढून मला हलवून दाखवला, सगळं ठीक आहे म्हणून. टेम्पो गेला. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी ती येते. रोज येते, सुखरूप येते. चपला काढते, चावी खिळ्याला अडकवते आणि माझ्याकडे बघते. बाहेर पोर्चमध्येही कुणीतरी वाट बघत असतं.

मी म्हणत नाही. उद्या परत जायचंय तिला.